गोमतीचे डोळे कुणी बिघडवले?

मदुराई,
९ जानेवारी १९९४

मामा,

मामींना सांगा, गूळ पोचला. अम्माने तो अशा वेगाने खायला घेतलाय की पोंगलला आम्हाला दुकानाचाच आणावा लागणार.

तुमचं आमंत्रणही मिळालं. मार्चअखेर पंगुनीच्या उत्सवात, पुलियूरच्या देवळासमोर, तुमच्या वादसभेचं, पट्टिमंड्रमचं, पंचविसावं वर्ष! आणि विषय काय, तर ‘समाज कुणी बिघडवला : आजोबांनी, बापांनी की पोरांनी?’ वाचूनच माझी जीभ शिवशिवायला लागली. मला आजोबांविरुद्ध उभं करा. म्हणजे तुमच्याच पिढीविरुद्ध. पंचाच्या खुर्चीत बसून भाचीकडून चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवा. वाद घालायला शिकवलंत तुम्हीच, आता भोगा.

एक वेगळी गोष्ट. मागच्या महिन्यात आमच्या शाळेत मोफत डोळे तपासणी होती. मी अम्माला बळेच नेलं. तुम्हाला तिचं माहीतच आहे. लहानपणापासून डोळे अधू, म्हणून दिव्याखाली वाचायचं नाही, वर्तमानपत्रसुद्धा आधी माझ्या अप्पांकडून आणि आता माझ्याकडून वाचून घ्यायचं, दर शनिवारी डोळ्यांवर एरंडेलाची पट्टी. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं आणि म्हणाल्या, “आजी, तुमचे डोळे अधू आहेत असं सांगितलं कुणी? वयाचा चष्मा लागेल तेवढाच. लहानपणी काही होऊन गेलं असतं तर खूण राहिली असती. इथे काहीच नाही.”

तिसऱ्या दिवशी अम्माने माळ्यावरून माझी दहावीची पुस्तकं काढून आणली. ऑक्टोबरच्या परीक्षेला बाहेरून बसायचं म्हणते, सत्तावन्नाव्या वर्षी! फॉर्मला तिचा आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. त्याच शाळेत तुम्ही अकरा वर्षं हेडमास्तर होता, तेव्हा हे काम तुमच्याकडे.

आणि मामा, सहज विचारते. ते अधू डोळ्यांचं निदान केलं होतं कुणी?

तुमची,
तिलगवती

*

पुलियूर,
२० जानेवारी १९९४

चिरंजीव तिलगवतीस आशीर्वाद.

तुझं ‘सहज विचारते’ वाचून मला हसू आलं. वीस वर्षं तुला व्यासपीठावर बघतोय. तू सहज विचारतेस तेव्हा समोरच्याने धोतर सावरून बसावं.

निदान कल्लिडैकुरिचीच्या शंकरलिंगम वैद्यांनी केलं. सन पन्नासची गोष्ट. गोमतीला गोवर आला होता, त्यानंतर तिचं डोकं दुखायचं. त्या काळी डोळ्यांचा डॉक्टर होता कुठे? वैद्य म्हणाले ती पूर्व दिशा. आमच्या वडिलांनी ऐकलं आणि शाळा बंद केली. चुकलं असेल. तो काळच अडाणी होता, आणि अडाणी काळाला फाशी देता येत नाही. तुझ्या भाषणात हा मुद्दा घ्यायला हरकत नाही, पण व्यक्तींची नावं घेऊ नकोस. पट्टिमंड्रमची ती रीत नव्हे.

दाखल्याचं बघतो. शाळेचा कारकून एसक्की मुलीच्या लग्नात गुंतला आहे, शिवाय जुनी दप्तरं कुठल्या खोलीत कोंबली आहेत देव जाणे. घाई कशाला? गोमतीला या वयात दहावीचं काय करायचंय? मन रमवायचं तर देवळात पुराण चालतं की.

एक मात्र सांग. हा विषय तुझ्या डोक्यात कुणी घातला? ‘बापांच्या’ गटाचा प्रमुख आमचा वेलायुधम आहे. गेली दहा वर्षं त्याचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे. मागच्या महिन्यात तो मदुराईला गेला होता हे मला कळलंय. तुझ्याकडे आला होता का? काय काय विचारलं त्याने?

मामीने पणियारमचं पीठ दळून ठेवलंय, तू येशील तेव्हासाठी.

मामा सोणाचलम

*

मदुराई,
६ फेब्रुवारी १९९४

मामा,

वेलायुधम आले नव्हते. आले असते तरी आमच्या घरातलं मी त्यांना सांगितलं असतं असं तुम्हाला वाटलंच कसं? मी तुम्हाला अम्माच्या डोळ्यांबद्दल विचारलं आणि तुम्ही मला तुमच्या खुर्चीबद्दल सांगितलंत. शाळेतल्या पोरी अशी उत्तरं देतात तेव्हा मी त्यांचं दप्तर तपासते.

रागावू नका, पण मी थोडी चौकशी केली. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई कल्लिडैकुरिचीच्या. त्यांनी वडिलांना पत्र घालून विचारलं. शंकरलिंगम वैद्य होते, अगदी खरं. पण ते हाडवैद्य होते. मोडलेला हात, निखळलेला खांदा. डोळ्यांना त्यांनी जन्मात हात लावला नाही असं म्हातारबुवा म्हणतात.

मग मी अम्माला विचारलं. तिला गोवर आठवतो. वैद्य आठवत नाही. तुम्ही एका दुपारी बाहेरून आलात आणि आजोबांना म्हणालात की वैद्यांना विचारून आलो, मुलीने आता वाचायचं नाही, नाहीतर वीस वर्षांत आंधळी होईल. एवढं तिला आठवतं. वैद्यांनी तिला न बघताच निदान केलं का?

आणि हे मला कधी कुणी सांगितलंच नाही, की अम्मा आठवीला अख्ख्या तालुक्यात पहिली आली होती! जिल्हा बोर्डाची शिष्यवृत्ती मिळणार होती, पाळयंकोट्टैच्या वसतिगृहात जागा होती, आजीने वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती. मी तेहतीस वर्षांची झाले आणि हे मला परवा, भेंडी चिरता चिरता कळलं. अम्मा सांगत होती आणि मला व्यासपीठावरचा तुमचाच आवाज ऐकू येत होता, इतकी ती छान सांगते.

मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण काहीतरी जुळत नाहीये, आणि जे जुळत नाही ते मला झोपू देत नाही. दाखल्याचं काय झालं? एसक्कीच्या मुलीचं लग्न एव्हाना लागून तिला दिवसही गेले असतील.

तिलगवती

*

पुलियूर,
१७ फेब्रुवारी १९९४

तिलगवती,

पत्र दोनदा वाचलं. मामीला दाखवलं नाही.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका मेलेल्या वैद्याची तू चौकशी लावतेस, परक्या बाईला आपल्या घरातलं सांगतेस, आणि वर म्हणतेस आळ घ्यायचा नाही. मग काय आरती ओवाळायची आहे? वैद्य कुठला होता यात माझी गफलत झाली असेल. पासष्ट वर्षांचा माणूस आहे मी. तुझ्या पिढीचं हेच आहे. आमच्याकडून घेतलेलं शिक्षण आमचीच उलटतपासणी घ्यायला वापरता. आम्ही चुकलो असू, पण आम्ही आई-बापांवर पाळत ठेवली नाही.

आता पूर्ण गोष्ट ऐक, म्हणजे तुझ्या मनाला शांती मिळेल. गोमतीची शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवत असे. शाळेत शिकवून येऊन, हातपाय धुऊन, ओसरीवर बसून. पुराणं, इतिहास, वर्तमानपत्र, हाती येईल ते. ती ऐकायची आणि मग मला प्रश्न विचारून भंडावायची. खोटं वाटत असेल तर तिलाच विचार. ज्या भावाच्या मनात पाप असतं तो असं करतो का?

सभेच्या व्यवस्थेत एक बदल केला आहे. पंच म्हणून तो माझा अधिकार आहे. तू आजोबांच्या विरुद्ध नाही, आजोबांच्या बाजूने बोलायचंस. तुझ्या मनात जे साचलंय ते घेऊन विरुद्ध बाजूला उभी राहिलीस तर भाषण होणार नाही, भांडण होईल. आपल्याला न पटणारी बाजू मांडणं ही खरी कसोटी, हे मी तुला तू दहा वर्षांची असताना सांगितलं होतं.

आणि आता मी विचारतो, सहज. गेल्या गुरुवारी तुझी आई पुलियूरच्या स्टँडवर उतरलेली पानवाल्याने पाहिली. हातात पिशवी होती. शाळेच्या बाजूला गेली आणि दोनच्या गाडीने परत गेली. सख्ख्या भावाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. हे तुला माहीत होतं का? नसेल, तर तुझ्या घरात काय चाललंय ते आधी बघ. असेल, तर माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघी?

सोणाचलम

*

मदुराई,
२ मार्च १९९४

मामा,

मला माफ करा.

अम्माला वाचनाचं विचारलं. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, “हो, वाचायचा. दोन वर्षं. एक दिवस चुकवला नाही.” एवढं बोलून पुन्हा कामाला लागली. मला स्वतःची लाज वाटली. तुमच्यासारखा भाऊ मला असता तर मी गावभर मिरवलं असतं, आणि मी तुमच्यामागे पोलिसासारखी लागले. वैद्य कुठला होता, काय होता, मरू दे आता.

गुरुवारचं मला माहीत नव्हतं. मला तिने शंकरनकोविलला देवीच्या दर्शनाला जाते असं सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाली, “गेले होते. वाटेत उतरले.” पुढे काही बोलायला तयार नाही. दाखल्यासाठीच गेली असेल, तुम्हाला त्रास नको म्हणून. पण तुमच्या घरी आली नाही हे मलाही खटकलंय. आजकाल ती दुपारी खोलीचं दार लोटून अभ्यास करते आणि मी आत गेले की वही मिटते. तिचा माझ्यावर विश्वास राहिला नाही की काय, असं वाटतं. का ते कळत नाही.

बाजू बदलली ते बरं केलंत. आजोबांच्या बाजूने काय बोलायचं ते मला आता ठाऊक आहे. नाव घेणार नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळेल. अम्मा म्हणते तीही येणार. इतकी वर्षं बोलावतोय, कधी आली नाही. या खेपेला स्वतःहून म्हणाली, “मला अण्णाचा निकाल ऐकायचाय.”

मामींना म्हणावं पीठ तयार ठेवा.

तिलगवती

*

मदुराई,
३ एप्रिल १९९४

मामा,

सभा होऊन आठवडा झाला. लोक अजून शाळेत येऊन माझं अभिनंदन करतात, आणि मला ते नको झालंय.

तुम्ही होतातच, पण मला जे दिसलं ते लिहिते. वेलायुधम यांच्या गटाने आजोबांना झोडपलं, पोरांनी बापांना झोडपलं, लोक पोट धरून हसले. मग मी उभी राहिले. म्हटलं, एका गावात एक मुलगी होती, तिचे डोळे अधू आहेत असं समजून घरच्यांनी तिची शाळा सोडवली. चूक होती. पण तिचा भाऊ शाळा सोडवून थांबला नाही, तो दोन वर्षं रोज तिचे डोळे झाला. आमच्या पिढीकडे बरोबर निदान करायची यंत्रं आहेत, असा भाऊ आहे का? बायका पदराने डोळे पुसत होत्या. वेळ संपून गेली होती तरी तुम्ही घंटी वाजवली नाहीत. मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं तुम्हीही रडत असाल. तुम्ही खाली बघत होता, आणि तुमचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला होता. तेव्हा मला कळलं नाही. आता तो चेहरा सारखा समोर येतो.

बायकांच्या रांगेत अम्मा उठून उभी राहिली. मला वाटलं, तिला गहिवरून आलं असेल. ती तशीच उभी राहिली, तुमचा निकाल होईपर्यंत. तुम्ही नेहमीसारखा छान निकाल दिलात : तिन्ही पिढ्या सारख्याच दोषी, तिन्ही सारख्याच थोर, कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. टाळ्या पडल्या. मी मागे वळले तर अम्मा नव्हती. स्टँडवर एकटी बसलेली सापडली. तुमच्या घरी जेवायला यायला नाही म्हणाली. मी सभेत मला मिळालेली शाल दाखवली तर म्हणाली, “माझ्या डोळ्यांवर मिळाली का? चांगली आहे.”

त्या दिवसापासून बोलत नाही. स्वयंपाक करते, वाढते, अभ्यास करते. मी त्या सभेत काय चुकीचं बोललेय? तुमच्याकडूनच ऐकलेलं बोलले. मामा, मी खोटं बोलले का? मला हो किंवा नाही, एवढंच लिहा.

तिलगवती

*

पुलियूर,
१० एप्रिल १९९४

चि. तिलगवती,

उन्हाळा भयंकर आहे. या वयात बायका चिडचिड्या होतात, त्यात परीक्षेचं खूळ. थोडे दिवस जाऊ देत. ताक दे तिला.

भाषण उत्तम झालं. पंचवीस वर्षांत इतकं चांगलं भाषण माझ्या सभेत झालं नाही. बाकी प्रश्नांना हो-नाहीमध्ये उत्तरं नसतात. तो काळ, ती माणसं, त्यांच्या अडचणी, हे आज मदुराईत पंख्याखाली बसून कळायचं नाही.

दाखल्याचं अखेर विचारलं. पन्नास सालच्या दप्तराला वाळवी लागली आहे असं एसक्की म्हणतो. काही उरलं असेल असं वाटत नाही. गोमतीला समजावून सांग.

मामा

*

मदुराई,
१६ एप्रिल १९९४

अण्णांस, धाकट्या बहिणीचा नमस्कार.

हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. अक्षर वाईट आहे, सवय नाही. तुम्हीच पाटीवर गिरवायला शिकवलं होतं, तेव्हा दोष थोडा तुमचाही. परवा आपलं नवं वर्ष लागलं. कडुलिंबाच्या फुलांची पचडी केली. तिलगवतीने न बोलता खाल्ली आणि मी न बोलता वाढली. मग मी ठरवलं, आता पुरे.

तुमची पत्रं ती मला नेहमी वाचून दाखवते. सवय राहिली आहे, तिला आणि मला. वाळवीचंही वाचून दाखवलं. अण्णा, दप्तराला वाळवी लागलेली नाही. मी फेब्रुवारीत स्वतः शाळेत गेले होते. एसक्की भला माणूस आहे, त्याने धूळ झटकून चार गठ्ठे काढून दिले. दाखला मिळाला. दाखल्याच्या मागे टाचलेला एक कागदही मिळाला. जिल्हा बोर्डाने शाळेकडे परत पाठवलेलं पत्र. आपल्या वडिलांच्या नावाने, इंग्रजीत. मुलीची दृष्टी झपाट्याने जात आहे, सबब शिष्यवृत्ती स्वीकारता येत नाही, पुढच्या मुलीला द्यावी. मला इंग्रजी कितपत येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्याच एका मुलीकडून अर्थ सांगून घेतला. अक्षर कुणाचं ते सांगून घ्यावं लागलं नाही. वडिलांना तर सहीसुद्धा येत नव्हती.

तारीख बघितली. पत्र आधी लिहिलंत आणि गोवर मला त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. वैद्याकडे तुम्ही गेलाच नव्हता.

चव्वेचाळीस वर्षं मी दर शनिवारी पट्टी बांधली. माझ्या नवऱ्याचं शेवटच्या दिवसांतलं पत्र, दवाखान्यातून पाठवलेलं, मी शेजारणीकडून वाचून घेतलं. त्याने बायकोला लिहिलेलं. डोळे जातील म्हणून मी ते स्वतः वाचलं नाही. मला या गोष्टीचा राग तुमच्या त्या कागदापेक्षा जास्त येतो.

मी सभेला आले ते तुम्हाला संधी द्यायला. तुमच्या हातात घंटी होती. माझी पोर उभी राहून खोटं सांगत होती, तुम्हाला माहीत होतं की खोटं आहे, आणि तुम्ही तिची वेळ वाढवून दिलीत. मी उभी राहिले, तुम्ही मला पाहिलंत. मग तुम्ही दोष तीन पिढ्यांत सारखा वाटून दिलात. इतका सारखा, की कुणाच्याच वाट्याला काही आलं नाही. ते पत्र पिढीने लिहिलं नव्हतं, अण्णा. तुम्ही लिहिलंत. आमच्याच वेळी शेजारच्या पोन्नम्माला तिच्या भावाने सायकलवर बसवून पाळयंकोट्टैला सोडलं. तोही तुमच्याच पिढीचा.

का लिहिलंत? मी खूप विचार केला. तुमची सोयरीक ठरत होती आणि वसतिगृहात राहणारी बहीण त्यांना चालली नसती म्हणून? की त्या वर्षी देवळासमोर मी पहिल्यांदा बोलले आणि लोक तुम्हाला म्हणाले, सोणाचलम, तू आता बस, बहिणीला बोलू दे? त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. मी तुमच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. कारण मला तुमच्याकडून हवं आहे. ‘त्या काळी’ या शब्दांनी सुरू होणारं नको.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाही. अकरा वर्षं तुम्ही त्या शाळेचे हेडमास्तर होता. किल्ली तुमच्या कनवटीला होती. तो कागद तुम्ही फाडला नाहीत. आणि दोन वर्षं रोज वाचूनही दाखवलंत, तेही खरं. तुमच्याबद्दल चांगलं असं माझ्यापाशी एवढंच उरलंय. ते सांभाळून ठेवलंय.

तिलगवतीशी मी बोलत नाही, कारण तोंड उघडलं तर हे सगळं बाहेर पडेल, आणि ते मी तिला सांगायचं नाही. तुम्ही सांगायचं. तिने माझे डोळे न विचारता लोकांपुढे मांडले याचा रागही आहे, पण तो माझा आणि तिचा मामला. लेकीला मी ओरडून घेईन. खोटं मात्र तिला तुम्ही दिलंत, तर खरंही तुम्हीच द्या. तुमच्या हाताने लिहून, सही करून. आणि तो कागद तिने हजार माणसांपुढे वाचला तरी चालेल असा असू द्या.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तुमचं पत्र तिला आलं नाही, तर पुढच्या पंगुनीच्या सभेसाठी मी वेलायुधम यांच्याकडे माझं नाव देईन. विषय कुठलाही असू दे, बाजू कुठलीही असू दे. बोलायला मला अजून येतं.

वहिनीला माझा नमस्कार सांगा. तिला यातलं काही माहीत नसेल, तर तिलाही सांगा.

गोमती